अंथरूण केवढे, हे आधी पाहू या

वाचकहो, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती शहाणपणाची आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ती आयुष्यभर निष्ठेने पाळलीही आहे. मात्र उतारवयात ही म्हण स्वतःला क्वचितच सांगितली जाते. ती बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हटली जाते. ‘आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली, आज गोळ्यांना पैसे नाहीत म्हणतात. मग कमावलेले गेले कुठे?’ पारावर, मंदिराच्या ओट्यावर, सोयऱ्यांच्या बैठकीत आणि कित्येकदा घरातल्या जेवणाच्या ताटापाशीही हा प्रश्न विचारला जातो. ज्याच्याविषयी तो विचारला जातो, तो माणूस बहुधा गप्प बसतो. या लेखाचा विषय आहे ते गप्प बसणे, कारण त्याचे परिणाम पुढे रक्तदाबाच्या नोंदीत आणि रिकाम्या डब्यांत दिसू लागतात.

एका गल्लीतील दोन घरे

अहिल्यानगर जिल्हा हा सहकारी साखर कारखानदारीचा जिल्हा. लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे अशा तालुक्यातालुक्यांत धुराडी उभी राहिली. त्या धुराड्यांच्या सावलीत कामगारांच्या वसाहती, शाळा आणि बाजारपेठा वाढल्या. आज या गावांतील कोणत्याही गल्लीत गेलात, तर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी शेजारीशेजारी राहताना दिसतील.

अशा दोन घरांचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. दोघांचे वय सारखे, दोघांची नोकरी तीस वर्षांहून अधिक. दोघांनी मुले शिकवली, मुलींची लग्ने केली, पुढे दोन खोल्या वाढवल्या. आज गुरुजींच्या घराला रंग दिलेला आहे आणि वर्षातून एखादी यात्रा होते. कामगाराच्या घराचा गिलावा मात्र सुटला आहे. गल्लीचा निवाडा ठरलेला असतो: गुरुजी हिशेबी माणूस, याने मात्र सगळे उडवले.

आता आकडे पाहू. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकाला जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते. ते शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मे असते. त्यावर महागाई भत्ता मिळतो, तो वेळोवेळी वाढतो आणि वेतन आयोग आला की निवृत्तिवेतनही सुधारते. कारखान्यातील कामगाराला लागू होते ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. आपण तिला ‘ईपीएस-९५’ म्हणतो. एसटीचे चालक-वाहक, सूतगिरण्यांचे कामगार आणि खासगी कंपन्यांतील लाखो कर्मचारीही याच योजनेत येतात. तिचे सूत्र असे आहे: निवृत्तिवेतनासाठी धरलेले मासिक वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०.

यातील ‘धरलेले वेतन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असला, तरी नियमाप्रमाणे वर्गणी ज्या मर्यादेपर्यंत घेतली जाते तेवढेच वेतन सर्वसाधारणपणे धरले जाते. जून २००१ पासून ऑगस्ट २०१४ पर्यंत ही मर्यादा ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपये झाली. समजा, एखाद्याची २० वर्षांची सेवा ६,५०० रुपयांच्या मर्यादेने मोजली गेली. ६,५०० गुणिले २०, भागिले ७०, म्हणजे महिन्याला १,८५७ रुपये. या रकमेवर महागाई भत्ता नाही. ती सुरू झाली तेव्हा जेवढी होती, आजही तेवढीच आहे. त्या माणसाच्या मागे त्याच्या पत्नीला निम्मी रक्कम मिळते. १,८५७ चे निम्मे ९२८ होतात. सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले आहे, म्हणून तिच्या खात्यात १,००० रुपये जमा होतात.

एका घरातील निवृत्तिवेतन महागाईबरोबर चालत राहिले आणि दुसऱ्या घरातील जागच्या जागी थांबले. या दोन घरांतील अंतर स्वभावाचे कमी आणि सूत्राचे अधिक आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करावे, अशी शिफारस केली होती. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. निवृत्तांच्या संघटना आज किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत आहेत. हा लेख लिहीपर्यंत ती मागणी पूर्ण झालेली नाही. म्हणून पुढच्या वेळी गल्लीतील कोणाविषयी ‘याने सगळे उडवले’ असे वाटले, तर आधी त्याचे अंथरूण केवढे आहे, हे पाहावे.

‘मग साठवले का नाही?’

हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेकदा चैनीत सापडत नाही. आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीने १९७२ चा दुष्काळ ऐन तारुण्यात पाहिला. खडी फोडण्याच्या कामावर गेलेले अनेक हात पुढे कारखान्यात लागले. घरात नोकरी एकाला आणि खाणारी तोंडे दहा. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणींची लग्ने, कोरड्या पडलेल्या विहिरीशेजारी घेतलेले बोअर, त्यातही लागलेला कोरडा दगड, आईवडिलांचे आजारपण हे सारे खर्च त्या एका पगारातून झाले. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली आणि मुलाला अभियंता करण्याचे स्वप्न शुल्क भरून विकत घेता येऊ लागले. अनेकांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून मुलांना डी.एड. केले. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली आणि तो खर्च फळाला आलाच नाही.

यांतील कोणता खर्च उधळपट्टीचा होता, ते सांगणे अवघड आहे. मुलीच्या लग्नात शंभर माणसे जास्त जेवली, हे खरे असेल. पण त्या काळी पन्नास माणसांत लग्न उरकले असते, तर याच गल्लीने काय म्हटले असते, तेही आपणास ठाऊक आहे. ज्या समाजाने आग्रह करून खर्च करायला लावला, तोच तीस वर्षांनी त्या खर्चाचा हिशेब मागतो.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर नवरा-बायकोच्या जोडीने कोयता चालवायचा आणि ती उचल फेडून घरी परतायचे, यात त्यांचे आयुष्य गेले. निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. कंबर मोडल्यावर ही माणसे गावी राहून नातवंडे सांभाळतात, कारण मुले-सुना त्याच फडावर गेलेली असतात. ‘साठवले का नाही’ हा प्रश्न त्यांना विचारण्यापूर्वी विचारणाऱ्याने स्वतःशीच थोडे थांबावे.

ज्यांनी साठवले त्यांचे काय झाले?

काटकसरीनेही प्रत्येक वेळी आधार दिला असे नाही. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक ही १९१० मध्ये स्थापन झालेली, जिल्ह्यातील कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाची बँक. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खात्यातून १०,००० रुपयांहून अधिक काढता येणार नाहीत, असे ठरले. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवानाच रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. त्याहून अधिक ठेव असणाऱ्यांना उरलेल्या पैशांसाठी अवसायकाच्या कारवाईची वाट पाहणे आले. निवृत्तीची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारी माणसे उधळी नव्हती. ती गावातील जुन्या बँकेवर विश्वास ठेवणारी, हिशेबी माणसे होती. तरीही ‘जास्त व्याजाचा लोभ नडला’ हे वाक्य त्यांच्याही वाट्याला आलेच.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. ठेव विम्याचे संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. एका ठेवीदाराला एका बँकेत सर्व शाखांतील मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांची मर्यादा आहे. पतसंस्था आणि बहुराज्य पतसंस्था यांना मात्र हे संरक्षण नाही. त्यांचा व्यवहार कितीही चोख वाटला, तरी औषधपाण्याचा पैसा तेथे ठेवू नये. टपाल कार्यालयाची मासिक प्राप्ती योजना आणि साठ वर्षांवरील व्यक्तींसाठीची ज्येष्ठ नागरिक बचत योजना या सरकारी योजना आहेत. त्यांचा व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. व्याज थोडे कमी वाटले, तरी रात्रीची झोप मोडत नाही.

शेऱ्यांचा प्रकृतीवर होणारा परिणाम

आरोग्यविषयक नियतकालिकात हा पैशांचा हिशेब कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर औषधांच्या डब्यात आहे.

ज्याला आपल्या तंगीची लाज वाटू लागते, तो ती लपवू लागतो. लपवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जे दुसऱ्याला दिसत नाही, ते आधी कमी करणे. घरी पाहुणा आला तर चहा होतोच आणि लग्नाला गेले तर आहेर द्यावाच लागतो. पण रक्तदाबाची गोळी रोजची एक न घेता दिवसाआड घेतली, तर ते कोणाला कळत नाही. मधुमेहाच्या दोन गोळ्यांची एक झाली, चष्म्याचा नंबर बदलूनही जुनाच चष्मा राहिला, दात पडल्यावर कवळी न करता भाकरी दुधात कुस्करून खाण्यावर भागवले, डाळ आणि दूध कमी झाले, हेही कोणाला दिसत नाही. रक्तदाब बराच काळ कोणतेही लक्षण न दाखवता वाढलेला राहू शकतो. ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ ही समजूत त्यामुळेच पक्की होते. त्याचे मोल मात्र पुढे पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार या रूपाने चुकवावे लागते. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो आणि एखाद्या पहाटे न्हाणीघरात पाय घसरतो.

दुसरा परिणाम मनावर होतो. आहेराला पैसे नाहीत, म्हणून माणूस लग्नाला जाणे टाळतो. पारावर शेरे ऐकावे लागतात, म्हणून पार सुटतो. पुढे दूरध्वनीही नकोसा होतो. घरच्यांना वाटते, वयामुळे अबोल झाले. प्रत्यक्षात ते नैराश्याचे पहिले पाऊल असू शकते. झोप उडणे, भूक मंदावणे, आवडीच्या गोष्टींत रस न राहणे, ‘आता माझा कोणाला उपयोग नाही’ असे वारंवार बोलणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. उतारवयातील नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मरणाची भाषा येऊ लागली, तर एक दिवसही थांबू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी

आपण मुलगा असाल, सून असाल, लेक किंवा नातू असाल, तर सर्वप्रथम विचारण्याची पद्धत बदलावी. ‘तुम्ही तेव्हाच साठवायला हवे होते’ या वाक्याने गेलेले एक वर्षही परत येत नाही आणि समोरचा माणूस पुढचे खरे काहीही सांगायचे थांबतो. त्याऐवजी ‘अण्णा, या महिन्याच्या गोळ्या किती उरल्यात? जरा पाकीट दाखवा बरं,’ असे सहज विचारावे. तीस दिवसांची पाकिटे पंचेचाळीस दिवस पुरत असतील, तर कारण समजून येते. ते समजल्यावर रागावू नये. ‘डॉक्टरांना विचारून स्वस्तातली घेऊ, पण रोज घेऊ,’ एवढेच म्हणावे.

डॉक्टरांनाही तंगी मोकळेपणाने सांगावी, कारण बहुतेक नेहमीच्या औषधांचा स्वस्त पर्याय असतो. जनऔषधी केंद्रांत हीच औषधे मूळ नावाने, नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, कमी करू नये अथवा बदलू नये.

महिन्यातून एकदा, शक्यतो निवृत्तिवेतन जमा झाल्यावर, घरात शांतपणे हिशेबाची बैठक घ्यावी. तिचा पहिला नियम असा की आधी औषधे, मग धान्य-दूध, मग वीजबिल आणि त्यानंतर बाकी सारे. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. ज्येष्ठांच्या हाती, त्यांनी कोणालाही हिशेब देऊ नये अशी थोडी रक्कम राहावी, मग ती दोनशे रुपये का असेना. मुलांपुढे हात पसरणे हा बापाला होणारा सर्वांत मोठा त्रास आहे आणि त्यावर कोणत्याही दुकानात गोळी मिळत नाही.

जे हक्काचे आहे ते

लाजेमुळे कित्येक जण हक्काचेही मागत नाहीत. म्हणून काही गोष्टी येथे एकत्र सांगतो.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत पासष्ट वर्षांवरील निराधार व्यक्तीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. आपण मघाशी काढलेले १,८५७ रुपये बारा महिन्यांचे २२,२८४ होतात. १,२८४ रुपयांनी माणूस या योजनेच्या बाहेर राहतो. ज्यांचे निवृत्तिवेतन १,००० रुपये आहे, त्यांची बारा महिन्यांची रक्कम १२,००० होते. घरात दुसरे उत्पन्न नसेल, तर त्यांनी अर्ज अवश्य करावा.

घरातील स्त्रियांसंबंधी आणखी एक गोष्ट. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेची वयोमर्यादा पासष्ट वर्षांपर्यंत आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. पासष्टी उलटली की ही रक्कम थांबते आणि श्रावणबाळ योजनेची अट मात्र २१,००० रुपयांची आहे. ही फट आधीच लक्षात घेऊन आईच्या पुढच्या वर्षाची तजवीज करावी.

सत्तर वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे. त्यासाठीचे ‘वय वंदना’ कार्ड आधार ओळखपत्रावरून निघते. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. एसटीच्या प्रवासात पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना भाडे नाही आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयात निम्मे भाडे आहे. डोळे तपासायला तालुक्याला जायचे असेल, तर ही सवलत मोठी आहे.

ईपीएस-९५चे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. तो दिल्यापासून बारा महिने चालतो, नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. अंगठ्याचे ठसे उमटत नसतील, तर भ्रमणध्वनीवर चेहऱ्याच्या ओळखीनेही तो देता येतो.

मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेथे वकिलाची आवश्यकता नसते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थाचा आदेश होऊ शकतो. घर किंवा जमीन मुलांना बक्षीस देताना ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. अट मोडली, तर तो दस्त रद्द ठरवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सल्ला हवा असल्यास ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते.

बोलावे केव्हा, गप्प राहावे केव्हा

याचा अर्थ ज्येष्ठांच्या कोणत्याही खर्चावर कोणी काही बोलूच नये, असा नाही. कोणाच्या कर्जाला जामीन राहणे, ‘सहा महिन्यांत दुप्पट’ म्हणणाऱ्या योजनेत पैसे घालणे, व्यसनापायी औषधे बंद करणे, हयातीतच सगळे नावावर करून स्वतः रिकामे होणे अशा वेळी गप्प राहणे हा निष्काळजीपणा ठरेल. तेथे स्पष्ट, पण एकांतात बोलावे. चारचौघांत बोललेले हिताचे वाक्यही अपमान होऊन बसते.

उरलेल्या खर्चांविषयी मात्र शेरा मारण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या खर्चाने त्या माणसाची औषधे, अन्न किंवा निवारा धोक्यात येतो का? आणि माझ्या बोलण्यानंतर मी त्याला काही मदत करणार आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते बोलणे नुसते बोलणे आहे.

तंगीत असलेली म्हातारी आषाढीच्या वारीला जाते, नातीला जत्रेत बांगड्या घेते किंवा एखाद्याला सकाळी हॉटेलात मित्रांबरोबर कटिंग घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखे वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा ‘घरात नाही दाणा’ असा प्रकार वाटतो. पण त्या दहा-पंधरा रुपयांत त्याला तासाभराची माणसे मिळतात. एकटेपणावर याहून स्वस्त औषध आम्हांस ठाऊक नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या गुरुजींचे निवृत्तिवेतन चांगले आहे, त्यांनी वर्षातून एकदा काशीला जावे की बँकेत ठेव वाढवावी, हा त्यांचा प्रश्न आहे. ‘एवढे मिळते तरी चप्पल तुटकी’ म्हणून त्यांना कंजूष ठरवणाऱ्यांना, त्यांच्या पत्नीच्या डायलिसिसचा महिन्याचा खर्च किती आहे, ते कोठे माहीत असते?

आणि वाचकहो, जे स्वतः तंगीत आहेत, त्यांच्याशीही दोन शब्द. सर्वांत कठोर निवाडा आपण स्वतःच स्वतःविषयी देत असतो. ‘मीच चुकलो’ हे वाक्य रात्री झोपू देत नाही. चुका झाल्याही असतील. पण ज्या पैशांतून भाऊ शिकला, बहीण नांदायला गेली आणि आईचे शेवटचे दिवस अंथरुणावर का होईना, घरच्या माणसांत गेले, तो पैसा वाया गेला असे म्हणता येत नाही. तो साठवला गेला नाही, एवढेच. आपल्या तंगीची गोष्ट एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगावी. मुलाला सांगणे जड जात असेल, तर लेकीला सांगावी, आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगावी, शेजारच्या गुरुजींना सांगावी. गुरुजींना अर्ज भरता येतो आणि तहसील कार्यालयातील खिडकीही ठाऊक असते.

मघाच्या दोन घरांकडे पुन्हा एकदा पाहू. गिलावा सुटलेल्या घराकडे बोट दाखवण्याऐवजी गुरुजींनी एका सकाळी हाक मारावी, ‘चला, मी तहसीलला निघालोच आहे, तुमची कागदपत्रे घ्या.’ कामगाराने पिशवीत आधार ओळखपत्र आणि पासबुक टाकावे, त्याच्या पत्नीने आठवणीने गोळ्यांचे रिकामे पाकीटही द्यावे, म्हणजे येताना जनऔषधी केंद्रातून तीच गोळी आणता येईल. एसटीत दोघांनी शेजारी बसावे. तेवढ्या प्रवासात कोणी कोणाला काही शिकवण्याची आवश्यकता उरत नाही.